दोन दिवसांचे शिबिर आणि त्यानंतरचे घर

बीड जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावाच्या बाजारपेठेत कापड, किराणा, भुसार, सराफी आणि आडत या व्यवसायांच्या पाट्यांवर जैन कुटुंबांची आडनावे आजही वाचायला मिळतात. आष्टी, कडा, पाटोदा, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई, परळी अशा गावांत ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या रुजली. घरी मारवाडी, दुकानात मराठी आणि स्थानकात हिंदीबरोबर प्राकृत पाठ, अशा तीन-चार भाषा कानावर घेत येथील मूल वाढते. एके काळी त्या मुलाचे भवितव्य जन्मापासूनच ठरलेले असे. शाळा सुटली की दुकान, दुकान वाढले की लग्न, आणि वडिलांचे वय झाले की गल्ल्याची किल्ली. मुलीचे भवितव्य तर त्याहूनही आधी ठरत असे.

आज तसे राहिलेले नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना सी.ए. व्हायचे आहे, वैद्यकीय प्रवेशासाठी लातूर गाठायचे आहे, संगणक शिकण्यासाठी पुण्याला जायचे आहे. काहींना स्वतःचा उद्योग उभारायचा आहे, पण तो वडिलांच्या दुकानात नव्हे. ही महत्त्वाकांक्षा स्वागतार्ह आहे, यावर सभांमध्ये सर्वांचे एकमत असते. सभा संपून मंडळी घरी गेली की मात्र प्रत्येक घरात तोच प्रश्न उभा राहतो: मुलांनी उंच उडावे हे खरे, पण त्यांनी उडून जायचे कोठे, आणि मागे राहणाऱ्यांचे काय?

किशोरवयीन मुलामुलींसाठी समाजाकडून चालविल्या जाणाऱ्या शिबिरांचा, कार्यशाळांचा आणि संस्कारवर्गांचा विचार या प्रश्नापासूनच सुरू व्हायला हवा.

कड्याचे वसतिगृह

युवकांसाठीचे उपक्रम ही अलीकडच्या काळाची देणगी आहे, असा अनेकांचा समज असतो. बीड जिल्ह्याचा अनुभव वेगळा आहे. आष्टी तालुक्यातील कडा येथे श्री अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाने शिक्षणाचे कार्य उभे केले, तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांत माध्यमिक शाळा दुर्मीळ होत्या. बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद करून सामान्य श्रावकांपर्यंत शास्त्र पोहोचविणारे आचार्य श्री अमोलकऋषीजी महाराज यांचे नाव या संस्थेला लाभले आहे. शास्त्र सामान्यांच्या भाषेत आणणाऱ्या आचार्यांच्या नावाने खेड्यातील मुलांच्या शिक्षणाची संस्था चालावी, हे औचित्य लक्षात घेण्याजोगे आहे. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे पाथर्डी येथे आचार्यसम्राट श्री आनंदऋषीजी महाराज यांच्या प्रेरणेने शिक्षणाचे आणि धार्मिक परीक्षांचे जे कार्य झाले, त्याचा लाभही या भागातील घराघरांनी घेतला. पाथर्डी बोर्डाच्या परीक्षेचे प्रमाणपत्र जपून ठेवणारी आजी अनेक घरांत आजही भेटते.

कड्याच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलांपैकी एक म्हणजे शांतिलाल मुथ्था. पाटोदा तालुक्यातील डोंगरकिन्ही हे त्यांचे गाव आणि १९५४ हे जन्मवर्ष. पुढे पुण्यात बांधकाम व्यवसायात त्यांनी यश मिळविले आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १९८५ मध्ये, व्यवसायातून बाजूला होऊन भारतीय जैन संघटनेच्या कार्याला वाहून घेतले. सामूहिक विवाहांपासून सुरू झालेले हे कार्य ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर एका वेगळ्या वळणावर आले. भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची आणि निवासाची जबाबदारी संघटनेने घेतली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातूनच उभे राहिले. स्वतः वसतिगृहात वाढलेल्या व्यक्तीने संकटातील मुलांसाठी प्रथम वसतिगृहाचाच विचार करावा, यात आश्चर्य नाही. आई-वडिलांपासून दूर राहणाऱ्या मुलाला काय हवे असते, हे तेथे राहिलेल्यालाच अधिक कळते.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. कड्याच्या वसतिगृहाने मुलांना घडविले ते भाषणांनी नव्हे. वेळेवर मिळणारे जेवण, अभ्यासाची शिस्त, शेजारच्या पथारीवरचा दुसऱ्या गावचा सोबती आणि रोजची प्रार्थना यांनी घडविले. तेथे मुलगा काही दिवसांपुरता जात नसे, तर काही वर्षे राहत असे. आजच्या शिबिरांचे मूल्यमापन करताना कालावधीचा हा फरक विसरून चालणार नाही.

गावाकडे परतलेले काम

ज्या जिल्ह्याने मुलाला घडविले, त्या जिल्ह्याकडे त्याचे कार्यही परतले. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील ५०० प्राथमिक शाळांमध्ये ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू झाला. जिल्हा परिषदेच्या या शाळांमध्ये जैन मुले क्वचितच असतात. तेथे शिकतात ती शेतकऱ्यांची, शेतमजुरांची आणि ऊसतोड कामगारांची मुले. स्वातंत्र्य, समता, न्याय आणि बंधुता ही संविधानातील मूल्ये उपदेशाने न शिकविता जोडीने काम करणे, गटात चर्चा करणे, खेळ आणि कृती यांतून मुलांच्या अंगवळणी पाडणे, ही त्याची पद्धत. पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने हा उपक्रम महाराष्ट्रभर पोहोचला. २०१३ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील तलावांमधील गाळ काढण्याचे मोठे काम संघटनेने हाती घेतले. तो गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या शेतांत नेला. तलाव खोल झाले आणि शेतांना सुपीक माती मिळाली.

व्यापारी कुटुंबातील किशोरवयीन मुलांना ही उदाहरणे सांगण्याचे कारण निव्वळ अभिमान हे नाही. बीडच्या बाजारपेठेतील दुकान आणि बीडच्या शिवारातील पाऊस यांचे नाते मुलांना ठाऊक असणे आवश्यक आहे. कापसाला भाव मिळाला तर कापडाच्या दुकानात गर्दी होते. पावसाने पाठ फिरविली तर उधारीची वही जाड होत जाते. दुकानाचा गल्ला गावाच्या सुखदुःखाशी असा बांधलेला आहे. ज्या मुलाची महत्त्वाकांक्षा हे नाते ओळखते, तो कोठेही गेला तरी पोरका होत नाही.

८०७ ची पिढी

या जिल्ह्यातील किशोरवयीनांविषयी लिहिताना एक आकडा टाळता येत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या अवघी ८०७ होती. त्या वेळी मोजली गेलेली बालके आज किशोरावस्थेत आहेत किंवा ती नुकतीच ओलांडून पुढे आली आहेत. शाळा-महाविद्यालयांत शिकणारी ही पिढी म्हणजेच ८०७ ची पिढी. त्यानंतर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, असे आढळले की जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झाला होता.

हे आकडे संपूर्ण जिल्ह्याचे आहेत. कोणत्याही एका समाजाचे नाहीत. जैन कुटुंबांत मुलींचे शिक्षण बरेच पुढे गेले आहे, हेही खरे. तरीही ज्या समाजाच्या आचारात मुंगीच्या जिवाचीही काळजी आहे, त्या समाजाने ८०७ हा आकडा दुसऱ्या कोणाचा तरी म्हणून बाजूला सारणे शोभणारे नाही. आज लहान गावांतील व्यापारी घरांत मुलांचे विवाह जमणे कठीण झाले आहे, अशी चर्चा प्रत्येक परिचय मेळाव्यात होते. मुली शहराचाच आग्रह धरतात, अशी तक्रार असते. मुलींची संख्या आधीच कमी का झाली आणि लहान गावात त्यांच्या वाट्याला काय येते, हे दोन प्रश्न मात्र त्या चर्चेत क्वचित निघतात.

भारतीय जैन संघटनेचा मुलींसाठीचा ‘स्मार्ट गर्ल’ उपक्रम या पार्श्वभूमीवर पाहावा. शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलींसाठी घेतल्या जाणाऱ्या या कार्यशाळेत स्वतःची ओळख, संवाद आणि नातेसंबंध, मासिक पाळी व आरोग्य, आत्मसन्मान व आत्मसंरक्षण, निवड आणि निर्णय, मैत्री आणि मोह अशा विषयांवर मुलींना बोलते केले जाते. पालकांशी संवाद हा त्याचा महत्त्वाचा भाग आहे. विषयांची ही यादी साधी वाटते. पण ज्या घरांत मासिक पाळीचा उल्लेखही दबक्या आवाजात होतो, तेथील मुलीने त्याविषयी मोकळेपणाने प्रश्न विचारणे ही लहान गोष्ट नव्हे. ‘निर्णय’ हा शब्द तर तिने तोवर वडीलधाऱ्यांच्याच तोंडून ऐकलेला असतो. तो आपणही घ्यायचा असतो, त्याची कारणे मांडायची असतात आणि त्याचे परिणाम स्वीकारायचे असतात, हे तिला अशा वेळी प्रथम उमगते.

शिबिर संपते तेथून पुढे

एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. बाजारपेठेत कापडाचे दुकान, वर राहते घर. थोरली मुलगी अकरावीला वाणिज्य शाखेत, धाकटा मुलगा नववीत. मुलगी दोन दिवसांच्या शिबिरातून परतते. रात्री दुकान वाढवून वडील वर येतात तेव्हा ती म्हणते, “बाबा, मला सी.ए. करायचे आहे. बारावीनंतर पुण्याला राहावे लागेल.” आईचे हात क्षणभर थांबतात. वडील म्हणतात, “पाहू, आधी बारावी तर होऊ दे.” आजी म्हणते, “एवढी शिकली तर तिच्याजोगे स्थळ कोठून आणायचे?” कोणीही नाही म्हटलेले नसते. तरीही मुलीला उत्तर मिळालेले असते.

या घरातील कोणीही दुष्ट नाही. वडिलांना पुण्यातील खर्चाची चिंता आहे, आणि ती खरी आहे. बाजारात ऑनलाइन खरेदीमुळे गिऱ्हाईक कमी झाले आहे. आईला मुलीच्या सुरक्षिततेची काळजी आहे. आजीने आपल्या आयुष्यात जे पाहिले, त्याच्या आधारे ती बोलते. पण प्रत्येकाची चिंता वेगळी असूनही ती एकत्र बसून कधी मांडली गेलेली नाही. खर्च किती येईल, राहण्याची सोय कोठे होईल, किती वर्षे लागतील, विवाहाचा विचार केव्हा करायचा, याचा हिशेब वहीत उतरला असता तर तो सुटू शकला असता. व्यापारी घराला हिशेबाचे भय नसते. उधारीच्या वहीतील प्रत्येक नोंद ज्यांना तोंडपाठ असते, त्या घरात मुलीच्या भवितव्याचे पान मात्र कोरे राहते.

धाकट्या मुलाचा प्रश्नही याच घरात आहे, आणि तो अधिक अबोल आहे. त्याला कोणी विचारलेले नाही की दुकान त्याला हवे आहे का. ते त्याचेच आहे, असे सर्वांनी गृहीत धरले आहे. कदाचित त्याला ते मनापासून हवे असेल, पण मित्र म्हणतील, “हुशार नव्हता म्हणून दुकानात बसला,” या लाजेने तो तसे बोलत नसेल. कदाचित त्याला ते मुळीच नको असेल आणि वडिलांचे मन दुखावण्याच्या भीतीने तो गप्प असेल. मुलीला जाण्याची अनुमती मागावी लागते आणि मुलाला थांबण्याविषयी कोणी विचारत नाही. दोघांचीही निवड त्यांच्या हाती नाही. म्हणूनच निवड आणि निर्णय हा विषय जितका मुलींना शिकवायला हवा, तितकाच मुलांनाही.

एवंता कुमारांचे आई-वडील

पर्युषणाच्या आठ दिवसांत स्थानकात अंतगड सूत्राचे वाचन होते. त्यातील अतिमुक्त कुमारांची, म्हणजेच एवंता कुमारांची कथा प्रत्येक श्रावकाने ऐकलेली असते. पोलासपूरच्या राजाचा हा बालक खेळ सोडून गौतम स्वामींचे बोट धरतो आणि त्यांना आपल्या घरी भिक्षेसाठी घेऊन येतो. पुढे भगवंतांचा उपदेश ऐकून तो आई-वडिलांपाशी दीक्षेची अनुमती मागतो. या कथेतील त्याचे बालपण आणि त्याचे वैराग्य यांवर प्रवचनांतून भरपूर बोलले जाते. पण त्याच्या आई-वडिलांकडे लक्ष फारसे जात नाही.

त्यांनी काय केले? त्यांनी मुलाला धमकावले नाही आणि त्याच्या बोलण्याला हसून वाटेलाही लावले नाही. तू लहान आहेस, तुला काय कळते, असे त्यांनी विचारले. पण हे विचारल्यावर त्यांनी उत्तर ऐकून घेतले. आपल्याला काय कळते आणि काय कळत नाही, हे त्या बालकाने कोड्यासारख्या शब्दांत मांडले. ते कोडे त्यांना उलगडले नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा विचारले. जन्मलेल्याला मृत्यू निश्चित आहे हे कळते, पण तो केव्हा येईल हे कळत नाही. जीव आपल्याच कर्मांनुसार पुढची गती मिळवतो हे कळते, पण कोणत्या कर्माने कोणती गती ते कळत नाही, असा त्याचा आशय होता. प्रश्न, उत्तर आणि पुन्हा प्रश्न, असा तो संवाद आहे. निर्णय जगावेगळा होता आणि मुलगा लहान होता. तरीही संवाद तुटला नाही.

भगवती सूत्रात याच बालमुनींचा आणखी एक प्रसंग येतो. पावसाच्या वाहत्या पाण्यात त्यांनी आपले पात्र नावेसारखे सोडले आणि ते खेळू लागले. ज्येष्ठ मुनींना ते रुचले नाही. भगवान महावीरांनी मात्र या बालमुनीची अवहेलना करू नका, त्याची काळजी घ्या, असे सांगितले, कारण तो याच भवात मुक्त होणारा जीव होता. किशोरवयीन मुलांच्या चुका पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याने हा प्रसंग एकदा आठवावा.

महत्त्वाकांक्षा आणि परिग्रह

काही ज्येष्ठ श्रावकांच्या मनात एक शंका असते. अपरिग्रह मानणाऱ्या धर्मात महत्त्वाकांक्षेला जागा आहे का? मुलांना मोठे व्हा, पुढे जा असे सांगणे म्हणजे लोभाचेच शिक्षण नव्हे का?

शंका रास्त आहे. म्हणूनच शिबिरांमध्ये तिचा विचार व्हायला हवा. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताने गृहस्थाला कमविण्याची बंदी केलेली नाही. मर्यादा ठरविण्यास सांगितले आहे. ती मर्यादा प्रत्येकाने स्वतः, समजून-उमजून ठरवायची असते. किती मिळवायचे, कशासाठी मिळवायचे आणि कोठे थांबायचे, हे सोळाव्या वर्षी विचारले तर उत्तर अपुरे येईल. पण विचारण्याची सवय लागेल. व्यवसायात यश मिळाले असताना एकतिसाव्या वर्षी त्यातून बाजूला होणाऱ्या डोंगरकिन्हीच्या मुलाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. त्यांची महत्त्वाकांक्षा संपली नव्हती. तिचे क्षेत्र बदलले होते. एका कुटुंबासाठी घर बांधण्याऐवजी हजारो मुलांसाठी शाळा उभारण्याची इच्छा, हीदेखील महत्त्वाकांक्षाच आहे.

काय करता येईल?

शिबिरे आवश्यक आहेत. दोन दिवसांत मुलांच्या मनात जे जागे होते, ते वर्षभर जागे ठेवण्याचे काम मात्र घराला आणि स्थानिक संघाला करावे लागेल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही.

शिबिरानंतर महिन्याभरात प्रत्येक सहभागी मुलाने किंवा मुलीने आई-वडिलांसमवेत बसून आपल्या पुढील पाच वर्षांचा आराखडा लिहून काढावा. त्यात खर्चाचा आकडा असावा आणि पालकांची चिंताही नोंदलेली असावी. ज्या शहरांत गावची मुले शिकायला जातात, तेथे स्थायिक झालेल्या त्याच गावच्या कुटुंबांनी दोन-दोन मुलांची पालकत्वाची जबाबदारी घ्यावी. चातुर्मासात साधू-साध्वीजींच्या सान्निध्यात किशोरवयीनांसाठी एक दिवस केवळ प्रश्नोत्तरांचा ठेवावा. मुलींच्या कार्यशाळेबरोबर मुलांचीही कार्यशाळा घ्यावी आणि त्यात घरकाम, आदर, संयम व नकार ऐकण्याची तयारी हे विषय असावेत. सुटीत प्रत्येक मुलामुलीने किमान महिनाभर दुकानात बसावे. वारस म्हणून नव्हे, तर विद्यार्थी म्हणून, आणि मुलीनेसुद्धा. मालाची खरेदी, उधारीची वसुली, गिऱ्हाइकाचा स्वभाव आणि कराचा भरणा यांचे शिक्षण कोणत्याही महाविद्यालयात इतके स्वस्त मिळत नाही.

दुकान चालविणे हा नाइलाज नसून एक निवड आहे, असे समाजाने मनापासून मानले तर हुशार मुलेही ती निवड करतील. शिकून परतलेली मुलगी वडिलांच्या पेढीचा हिशेब अद्ययावत करू शकेल आणि व्यवसाय नव्या मार्गावर नेऊ शकेल. अनेक दशकांच्या प्रतीक्षेनंतर १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड आणि अहिल्यानगर यांदरम्यान पहिली प्रवासी रेल्वे धावली. रेल्वेने गाव सोडणे सोपे होते, तसेच गावी परतणेही. आता कोणती दिशा अधिक गजबजेल, ते बाजारपेठेतील घरांवर अवलंबून आहे.

मुलांना थांबविण्यासाठी केलेला कोणताही उपाय आजवर टिकलेला नाही. ज्या घरात जाण्याविषयी मोकळेपणाने बोलता येते, त्याच घरात परतण्याविषयीही बोलता येते. येत्या पर्युषणात एवंता कुमारांची कथा वाचली जाईल, त्या रात्री प्रतिक्रमणानंतर प्रत्येक घरातील आई-वडिलांनी आपल्या मुलामुलींना एकच प्रश्न विचारावा: “बाळा, तुला काय व्हायचे आहे?” आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. तेवढा वेळ मौन पाळणे हीदेखील त्या दिवसाची एक आराधनाच ठरेल.